वय लपवणारा रुपया

जुन्नरला जुन्या नाण्यांचं अप्रूप नाही. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणा कार्षापणांत मोजून कोरलेल्या आहेत, घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण अजून उभा आहे, आणि सातवाहन-क्षत्रपांच्या नाण्यांविषयी बोलायला लागलं की इथल्या जाणत्यांना वेळेचं भान राहत नाही. अशा ठिकाणी राणीछाप रुपयाला कोण विचारणार? तो घरोघरी आहे. लक्ष्मीपूजनाला ताम्हनात येतो, बारशाला बाळाच्या मुठीत जातो, अडीनडीला सराफाच्या काट्यावर चढतो आणि चांदीच्या भावानं मोडीत निघतो. नाणी जमवणारेही त्याला 'ब्रिटिशांचं कॉमन' म्हणून बाजूला सारतात.

मला ही उपेक्षा अन्यायाची वाटते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांपुरतं बोलायचं तर सातवाहनांच्या नाण्यांनंतर इतकं वाचण्यासारखं दुसरं नाणं नाही, असं मी १८६२ च्या राणीछाप रुपयाबद्दल म्हणेन. मात्र तो वाचायचा तर ओळीओळीनं वाचावा लागतो.

माझ्यासमोर असलेला रुपया आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातून एका जुन्या दागिन्याबरोबर मोडीत आलेला. नवा असताना त्याचं वजन ११.६६ ग्रॅम होतं, म्हणजे १८० ग्रेन, बरोबर एक तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. हे प्रमाण १८३५ च्या कायद्यानं ठरलं आणि पुढची शंभर वर्षं हललं नाही. त्याआधी पेशवाईत आणि कंपनीच्या सुरुवातीच्या काळात पुणे प्रांतात अंकुशी, चांदवडी असे अनेक रुपये एकाच वेळी चालत, आणि एकातून दुसऱ्यात जाताना सराफाचा बट्टा पडे. सगळीकडे एकच रुपया असावा, असा आग्रह धरणाऱ्यांत कलकत्त्याच्या टांकसाळीतला चांदी पारखणारा अधिकारी जेम्स प्रिन्सेप होता. याच प्रिन्सेपनं १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी उलगडली. कर्नल साइक्सनं अभ्यासकांच्या नजरेला आणून दिलेले नाणेघाटचे आणि जुन्नरचे लेख पुढे वाचता आले ते त्या उलगड्यामुळे. नागनिकेच्या कार्षापणांचा हिशोब आणि राणीछापाचं वजन, दोन्हींच्या मागे एकच माणूस सापडावा याचा मला अजूनही आनंद होतो.

आता नाण्याची राणीची बाजू. डावीकडे तोंड केलेला मुखवटा, डोक्यावर मुकुट, गळ्यात हार, अंगात नक्षीदार भरजरी पोशाख. एका बाजूला 'व्हिक्टोरिया', दुसऱ्या बाजूला 'क्वीन'. बस, एवढंच. कंपनीच्या १८३५ आणि १८४० च्या रुपयांवर मागच्या बाजूला फारसीत 'यक रुपया' असे, आणि १९०३ पासून सातव्या एडवर्डच्या रुपयावर ते परत आलं. मधल्या काळातल्या या रुपयावर मात्र इंग्रजीखेरीज एक अक्षर नाही. ज्या मुलखात सावकाराची वही मोडीत लिहिली जात होती आणि शेतकऱ्याला मोडीही वाचता येत नव्हती, तिथं या नाण्यावरचा मजकूर वाचणारा गावात एखादाच. बाकी सगळ्यांनी ते चेहऱ्यावरून ओळखलं आणि कानानं पारखलं. अंगठ्याच्या नखावर उडवून सोडलेला खणखणीत आवाज ही त्याची सही होती.

या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहण्यासारखं आहे. १८६२ साली व्हिक्टोरिया त्रेचाळीस वर्षांची होती आणि नुकतीच विधवा झाली होती. रुपयावरची बाई तरुण आहे. पुढे विलायतेत १८८७ साली राणीचा प्रौढ मुखवटा आला, १८९३ साली डोक्यावरून ओढणी घेतलेली म्हातारी राणी आली. हिंदुस्थानच्या रुपयावर मात्र १८६२ चाच तरुण चेहरा १९०१ पर्यंत चालत राहिला. १८७७ पासून 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आलं, पदवी वाढली. वय वाढलं नाही. आपल्या पणजीनं पाहिलेली राणी एकाच वयाची होती, चाळीस वर्षं.

संग्राहक इथं भिंग काढतात. पोशाखाच्या पुढच्या पट्टीत नक्षीची चौकटं किती, शेवटचं पुरं की अर्धवट, यावरून मुखवट्याचे प्रकार पडतात. मेजर फ्रेड प्रिडमोर यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांच्या सूचीत हे प्रकार लावून दिले, आणि आजही लिलावाच्या पुस्तकात त्यांचा क्रमांक दिल्याशिवाय चांगल्या नाण्याचं वर्णन पुरं होत नाही. माझ्या रुपयावर ही चौकटं मोजणं अवघड आहे. गाल, केसांच्या लडी आणि छातीवरची नक्षी, म्हणजे नाण्यात सगळ्यात वर आलेले भाग, आधी झिजले. मुकुट बराचसा राहिला, कारण तो कडेच्या आडोशाला आहे.

नाणं उलटा. फुलापानांच्या वेलबुट्टीच्या आत, टिंबांच्या वर्तुळात चार ओळी: 'वन', 'रुपी', 'इंडिया', आणि खाली '१८६२'. या रुपयाचं मर्म त्या शेवटच्या ओळीत आहे. ते साल बहुतेक वेळा खरं नसतं.

१८६३ मध्ये पाडलेल्या रुपयावरही १८६२ आहे. १८६८ मध्ये पाडलेल्यावर १८६२ आहे. १८७३ पर्यंत हेच चाललं. थेट १८७४ पासून खरी सालं घालायला सुरुवात झाली. याचं कारण सराफाच्या गादीवर आहे. मोगल अमदानीपासूनची रीत अशी की ताज्या सालाचा सिक्का पुऱ्या मोलानं जाई आणि साल जुनं होत गेलं की त्यावर बट्टा बसे, नाणं झिजलेलं असो वा नसो. ज्याच्या हातात रुपया उशिरा पोचतो, म्हणजे ज्याचं गाव टांकसाळीपासून लांब आहे, त्याला तोटा. कंपनीनं यावर बंगालमध्ये एक तोड काढली होती. मुर्शिदाबादच्या रुपयावर शाह आलमच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्ष घालून ते तिथंच रोखून धरलं. मग राजा कितीही वर्षं राज्य करो, रुपया एकोणिसाव्या सालचाच. १८४० चा रुपयाही असाच वीसएक वर्षं १८४० चा राहिला. १८६२ हे त्याच परंपरेतलं साल. रुपयाचं वय सराफाला कळू नये म्हणून ते लपवलं, आणि त्यातला फायदा घाटमाथ्यावरच्या शेवटच्या वाडीतल्या माणसाचा होता.

मुंबईच्या टांकसाळीला मात्र स्वतःचा हिशोब ठेवायचा होता. म्हणून तिनं साल न बदलता बारीक टिंबं टाकायला सुरुवात केली. ती सालाच्या खाली असतात, आणि काही नाण्यांवर वर, 'वन'च्या माथ्यावरही. किती टिंबं आणि कुठं, यावरून तो रुपया नेमका कोणत्या वर्षी पडला ते अभ्यासक जुळवत बसतात. या टिंबांच्या मांडण्या बऱ्याच आहेत, काही सहज मिळणाऱ्या, काही वर्षानुवर्षं शोधूनही न सापडणाऱ्या. सराफाच्या लेखी सारख्याच वजनाच्या दोन रुपयांत मोहरीएवढ्याही नसलेल्या एका टिंबानं किमतीचा मोठा फरक पडतो. वय कळू नये म्हणून घडवलेल्या नाण्याचं वय शोधून काढणं, हीच आज त्याच्या संग्रहाची सगळी गंमत आणि सगळा व्यवहार आहे. माझ्या रुपयावर सालाखाली दोन टिंबं आहेत. तिरक्या उजेडात धरलं की दिसतात.

आता हे थांबलेलं साल या दोन तालुक्यांच्या वर ठेवून पाहू.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस लँकेशायरला जाईना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याच्या बदल्यात चांदी बोटीबोटीनं मुंबईला उतरली. त्या चांदीचे रुपये पडले. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. ती बांधताना हजारो हात मजुरीला लागले होते. जुन्नर-आंबेगाव हा कापसाचा मुलूख नव्हे, पण धान्याचे आणि मजुरीचे भाव चढले, गाडीबैलाला काम मिळालं, आणि पूर्वी वस्तूला वस्तू देऊन चालणारी खेडी रुपयाच्या ओळखीची झाली. माणसाच्या हातात रोकड आली की सावकारही उधार द्यायला पुढे येतो. जुन्नरला हातकागदाचा धंदा होता. जुन्नरी कागद टिकाऊ म्हणून दस्तऐवजांसाठी नावाजलेला. या भागातली किती कर्जखतं गावच्याच कागदावर लिहिली गेली असतील, असा विचार जुन्नरमधून जाताना माझ्या मनात येतो.

१८६५ मध्ये युद्ध संपलं, मुंबईचा शेअरबाजार कोसळला, भाव उतरत गेले. कर्ज मात्र चढत्या भावांच्या काळात घेतलेलं, आणि सारा रुपयांतच भरायचा. हप्त्याच्या वेळी हातात रुपया नसला की सावकाराच्या दारात जाणं आलं. तो देतो तो रुपयाही १८६२ चाच. बरकतीच्या वर्षी हातात पडलेला आणि टंचाईच्या वर्षी व्याजानं घेतलेला रुपया, दोन्ही एकाच सालचे. बट्ट्यापासून वाचवायला थांबवलेलं साल व्याजापासून वाचवू शकत नव्हतं.

आंबेगावातल्या जांभोरीचा होन्या केंगले या महादेव कोळी पुढाऱ्यानं १८७३ च्या सुमारास शस्त्र उचललं ते सावकारांविरुद्ध. त्याच्या टोळीचा रोख खतांवर होता. कित्येक सावकारांची नाकं कापली गेली. सरकारनं त्याच्यावर हजार रुपयांचं इनाम लावलं. हजार रुपये म्हणजे एका माणसाला खांद्यावर वाहून नेता येईल अशी साडेअकरा किलोहून जास्त वजनाची चांदीची नाणी. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडीतल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खतं जाळली, तो उठाव पुणे-नगरच्या गावांत पसरला. १८७६ मध्ये मेजर डॅनियलनं होन्याला पकडलं. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुस्तकांत हा इतिहास सालवार असतो. पण त्या काळातल्या माणसाच्या कनवटीला असलेल्या नाण्यावर तेजी, मंदी आणि बंड यांचं साल एकच होतं. १८७४ मध्ये साल हललं तेव्हा डोंगरात होन्याच्या मागावर पोलीस फिरत होते.

माझ्या रुपयावर आणखी एक खूण आहे. मुकुटाच्या वर, कडेला, एक ओबडधोबड चकती. तिथं कधीकाळी कडी झाळून बसवली होती. रुपयांच्या माळा बायकांच्या गळ्यात असायच्या. पश्चिमेकडच्या गावांत बाळहिरडा वेचून, सुकवून विकला जाई, अजूनही जातो. हाती आलेली चार नाणी घरात ठेवण्यापेक्षा गळ्यात ठेवणं शहाणपणाचं होतं. कडीमागची चांदी ही बाईची असे, नवऱ्याच्या कर्जात सहज ओढली न जाणारी. आणि १८९३ पर्यंत टांकसाळ सगळ्यांना खुली होती, कुणीही चांदी आणून द्यावी आणि रुपये पाडून न्यावेत. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनचे कितीतरी दागिने मोडून मुंबईच्या टांकसाळीत गेले आणि रुपये होऊन बाहेर पडले. दागिन्याचा रुपया, रुपयाचा दागिना, अशी चांदीची ये-जा होती. माझा रुपया त्या ये-जेत दागिन्याच्या बाजूला थांबलेला. राणीचं नाक जास्त झिजलंय, कारण ती बाजू वर्षानुवर्षं लुगड्याला घासत होती. मागची वेलबुट्टी त्यामानानं ठसठशीत आहे.

बाजाराच्या हिशोबात ही कडी म्हणजे कलंक. नाण्याची प्रत ठरवताना न वापरलेलं सर्वांत वर, मग थोडं वापरलेलं, मग बरं, मग झिजलेलं. कडी लावलेलं किंवा काढलेलं नाणं या शिडीच्या बाहेरच. ही शिडी मला मान्य आहे. टिंबं, चौकटं, नक्षीचे प्रकार अभ्यासायचे तर कोरं नाणं लागतंच, आणि कोऱ्या १८६२ ला लोक मोठी किंमत देतात ती उगाच नाही. त्या साच्याची सगळी रेषा न् रेषा तिथंच वाचता येते. माझी हरकत आहे ती कडीचे वण लपवण्याला. काही विक्रेते कडी कापतात, तिथं चांदी भरतात, कानशीनं कड पुन्हा कंगोरेदार करतात, मग घासून चकाकी आणतात. कडेचे हे कंगोरे मुळात सोनारांनी कडा कातरू नयेत म्हणून होते. खोटे कंगोरे बोटाला लगेच कळतात: दोन शेजारचे कंगोरे सारख्या अंतरावर नसतात. असं दुरुस्त केलेलं नाणं ना कोरं राहतं, ना दागिन्यातलं.

घासण्याबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण हे घरोघरी होतं. दिवाळीच्या आधी चिंच किंवा रांगोळी लावून रुपये लख्ख करतात. पूजेच्या दृष्टीनं ते बरोबर असेल, पण चांदीवर शंभर-दीडशे वर्षांत धरलेला करडा-निळसर थर एकदा गेला की पुन्हा येत नाही. शिवाय रांगोळीचे बारीक ओरखडे भिंगाखाली वाऱ्यावर पडलेल्या पिकासारखे एकाच दिशेला आडवे दिसतात. आणि पहिला बळी पडतो तो सालाखालच्या टिंबांचा. जाणकार माणूस असा रुपया हातात घेताच खाली ठेवतो.

बनावटीचं प्रकरणही मोठं आहे. ओतीव खोट्या रुपयाची अक्षरं साबणासारखी गुळगुळीत असतात, वजन बहुधा कमी भरतं, आवाज बद्द येतो. पूर्वी नखावर उडवून पारखत ती पद्धत आजही चालते, फक्त बरोबर काटा हवा.

बाकीच्या रुपयांबद्दल थोडक्यात. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया संग्राहकांचा लाडका. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, गदारोळ झाला, टांकसाळीनं तो आवरता घेतला आणि १९१२ ला हत्ती नीट काढला. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मिळ. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा, त्यावर वाघ. गिन्यांच्या बाबतीत १९१८ साली मुंबईत पाडलेल्या गिन्या लोक शोधतात. या सगळ्यांत सांगण्यासारख्या गोष्टी आहेत. पण मला त्यात १८६२ ची खोली दिसत नाही. १९११ ची गोष्ट चारचौघांत रंगवून सांगता येते, आणि ती तिथंच संपते.

विकणाऱ्या-घेणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. आणि शेतात नांगरताना किंवा जुन्या घराच्या जोत्यात रुपयांचं मडकं निघालं, तर १८७८ च्या निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा सापडलेला साठा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. डिंभे धरणानं जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं, घोड नदीकाठची घरं उठली, जोती खणली गेली. अशा वेळी निघालेली नाणी गुपचूप मोडीत जाण्याचं प्रमाण किती असेल हे सांगायला नको.

ती गेली म्हणून चांदीपुरतं नुकसान झालं नाही. कुठून आली, कुणाच्या गळ्यात होती, किती नाणी एकत्र होती, त्यांच्यावर टिंबं कोणकोणती होती, ही सगळी माहिती गेली. प्रिडमोर यांच्या सूचीत साच्यांच्या प्रकारांना क्रमांक आहेत. गावांचा रकाना नाही, आणि तो तिथं असण्याची अपेक्षाही चुकीची. तो आपणच भरायचा आहे. अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, पुण्या-मुंबईला संग्रहालयं आहेत, तालुक्यांत हौसेनं नाणी जमवणारी पोरं आहेत. रुपया पाकिटात घालताना त्यावर गावाचं नाव, मिळाल्याचं साल आणि कडी होती की नव्हती एवढं लिहायला पेन्सिलीच्या दोन ओळी पुरतात. माझ्या पाकिटावर मी लिहिलं आहे: 'आंबेगाव, पश्चिम भाग. माळेतला. कडी तुटलेली, तशीच ठेवली. सालाखाली दोन टिंबं.' गावाचं नाव विचारून घ्यायचं राहिलंय. ज्या सराफाकडून तो घेतला त्याच्या वहीत ते असेल तर पुढच्या खेपेला मिळेल.